ॲव्हरेज किती देते?

मला एक जुनी माझदा आरएक्स-८ घ्यायची आहे. २००८ सालची, लाल रंगाची, सहा गिअरची, ८६ हजार किलोमीटर चाललेली. मी टोकियोत सॉफ्टवेअरचं काम करतो, मेट्रोने ऑफिसला जातो आणि आजवर माझ्या नावावर एकही चारचाकी झालेली नाही. सातारला असताना बाबांच्या मित्राची मारुती चालवायचो, तेवढाच अनुभव. थोडक्यात, मी पूर्ण नवशिका. आणि ही गाडी नवशिक्याने घेऊ नये असं ज्याला-त्याला वाटतं, कारण हिच्या इंजिनात पिस्टनच नाही. हिचं इंजिन रोटरी आहे.

गाडीची किंमत फार नाही. स्पोर्ट्स कार असून ती इथे साध्या हॅचबॅकच्या भावात मिळते. पण इंजिन गेलं तर ते उघडून पुन्हा बांधायला गाडीपेक्षा जास्त पैसे लागतात. मला मिळालेली कोटेशनं साडेचार ते सहा लाख येनांची आहेत, म्हणजे अडीच ते साडेतीन लाख रुपये. आणि माझ्याकडे जे साठलेत, ते पुण्यातल्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, “ॲव्हरेज किती देते?”

“शहरात सात-आठ.”

“आणि ऑइल?”

“ऑइल पण पिते थोडं. डिझाइनच तसं आहे.”

पलीकडून काही क्षण आवाज नाही. मग म्हणाले, “ऑइल पिणारं इंजिन आमच्याकडे आलं की आम्ही ते उघडायचो. तू विकत घेतोयस?”

रिव्ह्यू बघून काही ठरेना. निम्मे लोक म्हणतात यासारखी गाडी नाही, निम्मे म्हणतात पस्तावशील. मग मी या इंजिनाचा इतिहास वाचायला घेतला. त्यात लक्षात आलं की बाबांचे दोन्ही प्रश्न साठ वर्षं जुने आहेत. जर्मनीत, अमेरिकेत, जपानमध्ये मोठमोठ्या कंपन्या याच दोन प्रश्नांवर अडल्या, काही तर संपल्या.

मुसळ आणि जातं

आधी यंत्र समजून घेऊ. नेहमीचं इंजिन म्हणजे उखळ-मुसळ. पिस्टन वर जातो, खाली येतो, आणि त्या वर-खाली होण्याचं क्रँकशाफ्ट गोल फिरण्यात रूपांतर करतो. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबतो आणि दिशा बदलतो. थरथर येते ती त्यातून.

रोटरी म्हणजे जातं. आत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, त्याला रोटर म्हणतात. बाहेरचं घर कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोलासारखं असतं. रोटर फिरताना त्याच्या तीन बाजू आणि घराची भिंत यांच्यामध्ये तीन पोकळ्या तयार होतात. त्या लहान-मोठ्या होत जातात आणि त्यातच हवा-पेट्रोल आत येणं, दाबलं जाणं, पेटणं आणि धूर बाहेर पडणं हे चारही टप्पे उरकतात. आरएक्स-८मध्ये असे दोन रोटर आहेत. दोन रोटर आणि एक शाफ्ट, एवढेच मुख्य फिरते भाग. व्हॉल्व्ह नाहीत. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे तीन होतात, म्हणून काटा ९,००० आरपीएमवर असतो तेव्हाही रोटर स्वतः ३,०००नेच फिरत असतो. मऊपणा येतो तो इथून.

अडचण त्रिकोणाच्या टोकांवर आहे. तीन पोकळ्या एकमेकींपासून वेगळ्या राहायला हव्यात, म्हणून प्रत्येक टोकावर पट्टीसारखं एक सील बसवलेलं असतं. त्याला एपेक्स सील म्हणतात. कुकरची रिंग एका जागी बसून वाफ अडवते. हे सील तेच काम भिंतीवर सतत घासत, दर क्षणी वेगळ्या कोनात, जळत्या वायूच्या दाबाखाली करतं. ते कोरडं पडू नये म्हणून आत थोडं ऑइल मुद्दाम सोडतात आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. शिवाय पोकळी लांब आणि चपटी असल्याने ज्वाला कडेपर्यंत नीट पोचत नाही, थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. बाबांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं अशी भूमितीतच आहेत.

ज्याच्याकडे लायसन्स नव्हतं

या इंजिनाला ज्याचं नाव आहे तो फेलिक्स वांकेल १९०२ साली जर्मनीतल्या लार गावी जन्मला. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. तो कॉलेजात कधी गेला नाही, इंजिनिअरिंगची पदवी नाही. दृष्टी इतकी अधू की ड्रायव्हिंग लायसन्सही नाही.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो तरुणपणीच नाझी चळवळीत गेला. पुढे स्थानिक नेत्याशी भांडण होऊन १९३३मध्ये काही महिने तुरुंगातही बसला, पण नंतर एसएसमध्ये त्याला हुद्दा होता आणि युद्धात त्याची कार्यशाळा जर्मन हवाई दलासाठी काम करत होती. युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी ती मोडून टाकली आणि त्याला काही काळ अटकेत ठेवलं. हे इंजिन आवडणाऱ्यांच्या गप्पांमध्ये हा भाग बहुधा गाळला जातो.

त्या कार्यशाळेत त्याचा हातखंडा होता तो फिरत्या भागांना हवाबंद करण्याचा, म्हणजे सीलचाच. १९५१मध्ये नेकारसुल्मच्या एनएसयू या मोटरसायकल कंपनीने त्याच्याशी करार केला. फेब्रुवारी १९५७मध्ये पहिलं इंजिन चाललं. त्यात आतला रोटर आणि बाहेरचं घर दोन्ही फिरायचे. कल्पना देखणी, पण प्लग बदलायचा तरी इंजिन उघडावं लागे. एनएसयूचा इंजिनिअर हान्स डीटर पाश्के याने घर स्थिर केलं आणि फक्त रोटर फिरता ठेवला. वांकेलला हा बदल अजिबात रुचला नाही. पण आज जे रोटरी चालतं ते पाश्केच्या रचनेचं.

एनएसयूची उधारी

सॉफ्टवेअरमध्ये एक शब्द आहे, टेक्निकल डेट. काम अर्धवट असताना रिलीज करायचं आणि उरलेलं नंतर बघू म्हणायचं, ही उधारी. ती फेडावी लागतेच. फक्त कोण फेडणार ते ठरायचं असतं.

एनएसयूने १९६७मध्ये आरओ-८० ही गाडी काढली. तिचा आकार आज पाहिला तरी जुना वाटत नाही. १९६८ची युरोपातली कार ऑफ द इयर तीच. पण सीलचा प्रश्न सुटला नव्हता. त्यात मालक सगळे पिस्टनला सरावलेले. पिस्टनचं इंजिन जास्त ताणलं की थरथरतं, ओरडतं, आपला पाय आपोआप मागे येतो. रोटरी तसं काही कळू देत नाही, त्यामुळे लोक लाल रेषेच्या पुढे जात राहिले. पुढे कंपनीला धोक्याचा आवाज करणारा बझर बसवावा लागला. जवळच्या जवळ, थंड इंजिनावर चालवलेल्या गाड्यांची सीलं अजून लवकर झिजली. गॅरेजवाल्यांनाही हे इंजिन नवं. दुरुस्ती जमेना, मग अख्खं इंजिन बदलून दिलं जाई, तेही वॉरंटीत. असं सांगतात, की रस्त्यात दोन आरओ-८०वाले भेटले की एकमेकांना बोटं दाखवायचे. जितकी बोटं, तितकी बदललेली इंजिनं.

सीलं पुढे सुधारली, पण तोवर नाव गेलं होतं आणि पैसाही. १९६९मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. आरओ-८० १९७७पर्यंत कशीबशी चालली, एकूण सुमारे ३७ हजार बनल्या. कितीतरी मालकांनी इंजिन काढून फोर्डचं साधं व्ही-४ बसवून घेतलं. नेकारसुल्मच्या कारखान्यात आज ऑडी बनते.

मला या प्रकरणात नवशिका हा शब्द पहिल्यांदा नीट कळला. आरओ-८० घेणारे लोक गाडी चालवण्यात नवशिके नव्हते. या इंजिनाच्या बाबतीत सगळेच नवशिके होते, विकणारेसुद्धा.

हिरोशिमाचे सत्तेचाळीस

त्याच सुमाराला हिरोशिमात तोयो कोग्यो नावाची कंपनी होती. १९२०मध्ये कॉर्क बनवण्यासाठी सुरू झालेली, नंतर तीनचाकी टेंपो बनवणारी. ६ ऑगस्ट १९४५ला बॉम्ब पडला तेव्हा मधे हिजियामा टेकडी असल्याने तिचा कारखाना बराचसा वाचला आणि त्यानंतर काही महिने जिल्ह्याचा कारभार त्याच इमारतींतून चालला. हीच कंपनी म्हणजे आजची माझदा.

१९६०च्या आसपास जपान सरकारला वाटत होतं की वाहन कंपन्या फार झाल्या, छोट्यांनी मोठ्यांत विलीन व्हावं. कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना स्वतंत्र राहायचं होतं, आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी हवं होतं. १९६१मध्ये एनएसयूशी करार पक्का झाला. परवान्यासाठी पैसे मोजले आणि हातात आलं तेही अर्धवट इंजिन. काही तास चाललं की घराच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठत. तिथल्या इंजिनिअरांनी त्यांना नाव ठेवलं, सैतानाची नखं.

१९६३मध्ये केनइची यामामोतो यांच्या हाताखाली वेगळा विभाग झाला. ४७ इंजिनिअर. जपानी लोककथेतल्या मालकासाठी जीव देणाऱ्या ४७ सामुराईंवरून त्यांनाही तेच नाव चिकटलं. त्यांना उमगलं की सील भिंतीवर नुसतं घासत नाही, ते एका ठरावीक कंपनसंख्येने थरथरत उड्या मारतं आणि ओरखडे त्याचे आहेत. सीलला आडवी-उभी छिद्रं पाडून ती कंपनसंख्या बदलली. मग निप्पॉन कार्बन कंपनीबरोबर कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून नवं सील बनवलं. मे १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पाच वर्षांत जेमतेम ११७६ गाड्या बनल्या. पण पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत एक कॉस्मो चौथी आली.

उधारी इथेही होती. फक्त ती गिऱ्हाइकाकडे ढकलण्याआधी बरीचशी प्रयोगशाळेत फेडली गेली. मी हिरोशिमाला माझदाच्या संग्रहालयात गेलो होतो. तिथे कॉस्मोच्या चकाकत्या बॉनेटपेक्षा इंजिनाचे उघडे भाग पाहण्यात माझा जास्त वेळ गेला. काही वर्षांची झोप ज्या पट्टीने उडवली, ती बोटाएवढीच असते.

अमेरिकेनेही तेच विचारलं

१९७० आलं तेव्हा सगळ्यांनाच रोटरी हवं होतं. जनरल मोटर्सने परवान्यासाठी पाच कोटी डॉलर्स कबूल केले. फ्रान्सच्या सित्रोएनने जीएस बिरोटर काढली. मर्सिडीज सी-१११ या प्रयोगाच्या गाडीवर काम करत होती. माझदाच्या गाड्या अमेरिकेत जोरात खपत होत्या.

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं आणि तेल महागलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या चाचणीत माझदाच्या रोटरीचा आकडा आला गॅलनला दहा-अकरा मैल, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास. त्या एका आकड्याने विक्री कोसळली. जनरल मोटर्सने १९७४मध्ये रोटरी बाजूला ठेवलं. एएमसी कंपनीने पेसर ही गाडी याच इंजिनाच्या भरवशावर आखली होती, तिला ऐन वेळी जुनंच इंजिन बसवावं लागलं. सित्रोएनने आठशेच्या वर बिरोटर विकल्या होत्या. त्या परत विकत घेऊन मोडीत काढायला सुरुवात केली, कारण पुढे सुटे भाग पुरवत बसायची तिची तयारी नव्हती.

तोयो कोग्यो बुडायच्या बेतात आली. सुमितोमो बँकेने आपली माणसं पाठवून कंपनी सावरली. कारखान्यातल्या हजारो कामगारांना शोरूमवर गाड्या विकायला धाडलं. हेच सुमितोमो नाव आपल्याकडेही येऊन गेलंय. लहानपणी ज्या मिनीबसवर ‘स्वराज माझदा’ लिहिलेलं असायचं, ती कंपनी १९८०च्या दशकात पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो यांनी मिळून काढली होती. अर्थात त्या बसमध्ये रोटरी नव्हतं, साधं डिझेल होतं. माझदाचं पोट अशाच साध्या गाड्यांवर भरलं, हेही खरं.

रोटरी सोडून द्यायला याहून चांगलं कारण नव्हतं. पण यामामोतोंच्या माणसांनी इंधन ४० टक्के कमी लागेल असं लक्ष्य धरलं आणि १९७८मध्ये आरएक्स-७ आणली. विचार सरळ होता: ज्यांना ॲव्हरेज हवं त्यांना हे इंजिन विकूच नये, ज्यांना हलकी आणि चपळ गाडी हवी त्यांना द्यावं. २००२पर्यंत आठ लाखांवर आरएक्स-७ बनल्या. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले.

१९९१मध्ये चार रोटरच्या माझदा ७८७बीने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. तिथे जिंकणारी ती पहिली जपानी गाडी, आणि आजवरची एकमेव रोटरी. तिच्या एपेक्स सीलचा पदार्थ सिरॅमिक होता. त्यानंतर रोटरीवर चिडून बंदी घातली, अशी कथा फिरते. प्रत्यक्षात शर्यतीचे नियम ३.५ लिटरच्या पिस्टन इंजिनांकडे वळवायचं आधीच ठरलेलं होतं. आणि त्या शर्यतीत इंधनाचा कोटा ठरलेला असायचा. तेव्हा ल मांलाही ॲव्हरेज काढूनच जिंकावं लागलं, हे बाबांना सांगायला मला फार आवडलं.

सहा आकडे

२००३मध्ये आरएक्स-८ आली. धूर जाण्याची वाट टोकाच्या भिंतीतून काढून बाजूला नेली, त्यामुळे प्रदूषण आणि पेट्रोल दोन्ही कमी झालं. तरीही सीलं लवकर थकल्याच्या तक्रारी आल्या. अमेरिकेत माझदाला इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवून द्यावी लागली. २०१२मध्ये गाडी बंद झाली. २०२३मध्ये माझदाने एमएक्स-३०मध्ये एक रोटर परत आणला, पण तो चाकं फिरवत नाही, बॅटरी चार्ज करतो.

म्हणजे वॉरंटी संपलेली, कंपनी पुढे गेलेली, आणि उरलेली उधारी आता जुनी गाडी घेणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या नावावर.

आरओ-८०च्या मालकाला ती किती आहे हे कळायचा मार्ग नव्हता. मला आहे. रोटरीचं कॉम्प्रेशन मोजायचं वेगळं मीटर असतं. साधं मीटर तीन बाजूंपैकी सगळ्यांत मोठाच आकडा दाखवतं आणि बाकी दोन लपवतं. हे मीटर दोन रोटरच्या तीन-तीन बाजू, असे सहा आकडे देतं. मी बघितलेल्या लाल गाडीचे पुढचे तीन आले ८.१, ८.०, ८.२. मागचे आले ७.९, ६.४, ६.५.

गॅरेजचे वयस्कर मालक कागदावर त्रिकोण काढून म्हणाले, शेजारच्या दोन बाजू पडल्यात ना, म्हणजे त्यांच्या मधल्या टोकावरचं सील गेलंय. कुकरची एक रिंग, दोन पोकळ्या गळणार. ही गाडी वर्षभर चालेल, कदाचित दोन. पण गरम इंजिन बंद केलं की परत सुरू व्हायला त्रास देईल.

बाकीचा हिशोबही मांडला. इथे रोटरीची क्षमता करासाठी दीडपट धरतात, म्हणून १३०८ सीसीची गाडी दोन लिटरच्या गटात जाते. तेरा वर्षांवरची असल्याने त्यावर जादा कर. दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी. पार्किंगची जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असल्याचा दाखला. पेट्रोल महागातलं.

एवढं सगळं लिहून काढल्यावर निर्णय सोपा झाला. मी तीच गाडी घेतोय. इंजिन गळतंय हे धरून किंमत ठरवली आणि ताबा घेण्याआधी ते उघडून नव्या सीलांनी बांधून घ्यायचं ठरवलं. मिळून खर्च चांगल्या चालणाऱ्या आरएक्स-८एवढाच होतो. फरक इतकाच की त्या गाडीच्या आत काय आहे ते मला माहीत नसतं. फ्लॅट आठ-नऊ महिने पुढे गेला. हे बाबांना सांगितलं, लपवलं नाही.

कुणी नवशिका विचारेल तर माझ्याकडे तीनच अटी आहेत. रोजच्या कामासाठी हिच्यावर अवलंबून राहू नका. इंजिन एकदा बांधायचे पैसे गाडी घेतानाच बाजूला ठेवा, नसतील तर थांबा. आणि रोटरी खरोखर उघडणारं गॅरेज जवळपास आहे का ते गाडी शोधण्याआधी शोधा. पुढचं फार अवघड नाही: दर एक-दोन टाक्यांना ऑइल बघायचं, थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करायचं नाही, गरम झाल्यावर मात्र अधूनमधून वरपर्यंत फिरू द्यायचं. हे सगळं कळायला एनएसयूला आपलं अस्तित्व आणि माझदाला काही दशकं द्यावी लागली. आपल्याला ते आयतं मिळतंय.

इंजिन पुढच्या महिन्यात उघडणार. बाबांचा ॲव्हरेजबद्दलचा राग गेलेला नाही. पण त्यांनी बजावलंय, की काढलेली जुनी सीलं गॅरेजवाल्याला टाकू देऊ नकोस. दिवाळीला येताना घेऊन ये, किती झिजलीत ते बघायचंय.